कापगते गुरुजींचा वारा

चिचटोल्यात वारा नाही, ही गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. कापगते गुरुजींना ती ठाऊक नव्हती, कारण गुरुजी शिकलेले होते.

लाखनीपासून दोन कोस आत असलेलं हे गाव. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये एक बोडी म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या पाळीवर चिंचेची झाडं. त्या झाडांचं पान हललं तर लोक आधी वर पाहतात, माकड आहे का म्हणून. महामार्गावरचे ट्रक जी काय हवा उडवतात ती लाखनीच्या दुकानदारांनाच पुरते, चिचटोल्यापर्यंत पोचत नाही. अशा या गावात लक्ष्मणराव कापगते यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि एकतीस वेळा सातवीच्या फळ्यावर पवनचक्की काढली. एक उभी रेघ, टोकाला तीन पाती, खाली उजव्या हाताला पेटलेला दिवा. वारा फुकट असतो, वारा संपत नाही आणि वाऱ्याचं बिल येत नाही, हे त्यांनी दोन पिढ्यांकडून घोकून घेतलं होतं. खरी पवनचक्की मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. तसा गुरुजींनी देवही पाहिला नव्हता, पण देवावर ते सातवीला दहा मार्कांचा प्रश्न काढत नसत.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी साडूच्या मुलाच्या लग्नासाठी गुरुजी साताऱ्याकडे गेले आणि एस.टी.च्या खिडकीतून त्यांना डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या दिसल्या. एक नाही, दोन नाही, रांगच्या रांग. गुरुजींनी आनंदाच्या भरात मुंडकं खिडकीबाहेर काढलं आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली. पण त्या दिवशी त्यांना बोलणी ऐकूच आली नाहीत. लग्नात काय जेवण होतं हेही त्यांना पुढे सांगता आलं नाही.

घरी आल्यावर सत्यभामाबाईंनी आधी पिशवीत हात घातला.

"पेढे कोठी हायत? साताऱ्याचे पेढे आणतो म्हणून गेले होते ना?"

"पेढ्यापेक्षा मोठी वस्तू आणली आहे," गुरुजी म्हणाले. त्यांच्या भाषेचं असं होतं, की महत्त्वाचं बोलायचं असलं की ती पुस्तकातली व्हायची. "विचार आणला आहे."

सत्यभामाबाईंनी पिशवी उलटी करून झटकून पाहिली. त्यातून दोन बनियन पडले.

विचार घरात राहता तर काही बिघडलं नसतं. पण विचार आला की गुरुजींना तो चार माणसांत मांडल्याशिवाय चैन पडत नसे. संध्याकाळी ते अंकुशच्या दुकानावर गेले. अंकुश हा गावचा वायरमन. मोटारी भरणं, पंखे दुरुस्त करणं, आकडा टाकणं आणि पथक आलं की आकडा काढणं, ही सगळी कामं तो एकाच पान्यानं करी. त्याच्या दुकानापुढच्या बाकावर रोज आठ-दहा माणसं गावाचं भवितव्य ठरवत बसलेली असत. त्यांच्यासमोर गुरुजींनी जाहीर केलं, "येत्या दिवाळीच्या आत माझ्या घरातला दिवा वाऱ्यावर पेटेल. नाही पेटला, तर मला गुरुजी म्हणू नका."

गुरुजींचा शेजारी मंगरू, जो कोणतीही गोष्ट पूर्ण समजून घेतल्याशिवाय सोडत नाही, त्यानं विचारलं, "मंग का म्हणावं जी?"

"लक्ष्मणराव म्हणा," गुरुजी म्हणाले, आणि टाळ्यांची वाट न पाहता घरी आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या गावात त्यांना लक्ष्मणराव म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. सत्यभामाबाईसुद्धा चारचौघांत 'आमचे गुरुजी' म्हणत. पेन्शनपेक्षा गुरुजींना त्या तीन अक्षरांचा आधार मोठा होता, आणि तीच त्यांनी बाकावर पैजेला लावली होती.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. चिचटोल्यात कुणाच्या घरी आजारी माणूस असलं तर भेटायला चार जण येतात, पण बांधकाम निघालं तर चाळीस. कोणी म्हणालं तोंड उगवतीकडे ठेवा, कोणी म्हणालं बोडीकडे ठेवा, पाण्यावरून थंड वारा येईन. मंगरूची बायको वच्छला म्हणाली, "पात्याले निंबू-मिरची बांधा, नाई तं नजर लागन." सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर मंगरू म्हणाला, "पण गुरुजी, मी म्हणतो, वारा हाय कोठी आपल्याकडं? माही वच्छला सूप घेऊन खळ्यात उभी रायते, वाऱ्याची वाट पाहून पाहून दिवस बुडते, तवा कोठी येक झुळूक येते."

"मंगरू, वारा सर्वत्र असतो. तो उंचावर असतो."

"मंग उंचावर जाऊन धान उडवाव का?"

मंगरू वर्गात असता तर गुरुजींनी त्याला बाकावर उभा केला असता.

उंचीचा विषय ग्रामपंचायतीत गेला. तिथं संगणकावर बसणारी प्रतिक्षा ही गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिनं अर्ज उघडला आणि 'बांधकामाचा प्रकार' या रकान्यावर टिचकी मारली. खाली यादी पडली: घर, दुकान, गोठा, शौचालय, मोबाइल टॉवर.

"गुरुजी, पवनचक्की नाई याच्यात."

"मग 'इतर' निवड."

"इतर मागच्या सालीच काढून टाकलं जी. लोक सारं इतरमंदीच टाकत होते." ती थोडा वेळ यादीकडे पाहत राहिली. "उंच रायते का ते?"

"उंच असते."

"मंग गोठा नाई होत. टॉवर लिहू का?"

गुरुजी म्हणाले, हे असत्य आहे. प्रतिक्षा म्हणाली, हो जी, पण त्याच्याबिगर पुढचं पान उघडत नाई. संगणकापुढे हरिश्चंद्र बसला असता तर त्यानंही टॉवरच लिहिला असता. गुरुजींनी मान हलवली, पुढचं पान उघडलं, आणि त्या पानावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत होती.

हरकती तीन आल्या. टॉवरच्या किरणांनी वांग्याला कीड पडते, ही पहिली. कापगत्यांच्याच वाडीत काहून, माझ्या वाडीत लावा, भाडं मले द्या, ही दुसरी. तिसरी ही हरकत नसून चौकशी होती: कोणत्या कंपनीचा आहे आणि रील चालतील का? या तिन्ही हरकती फेटाळायला दोन मासिक सभा लागल्या. शेवटी मंजुरी आली ती बारा फुटांची, कारण घरामागच्या वाडीवरून विजेची तार गेली होती. ज्या वाऱ्याला गुरुजींनी उंचावर राहायला सांगितलं होतं, त्याला आता बारा फुटांपर्यंत खाली यावं लागणार होतं.

पवनचक्की नागपूरहून टेम्पोत आली. सोबत माहितीपुस्तक होतं, ते चिनी भाषेत. अंकुशनं ते उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "भाषेचं काई काम नाई गुरुजी. नट तं नटच रायते." त्यानं दोन दिवसांत ती उभी केली. तीन नट उरले, ते त्यानं खिशात घातले आणि कंपनी जास्तीचे देतेच म्हणून सांगितलं.

दसऱ्याला उद्घाटन झालं. सरपंच भुपेंद्र यानं नारळ फोडला. हा भुपेंद्र चाळिशीच्या आतला, पांढरा शर्ट, दोन मोबाइल, आणि कोणत्याही कार्यक्रमाला कात्री स्वतःची घेऊन येणारा. नारळ फुटला, सगळ्या गावानं माना वर केल्या, आणि काही झालं नाही. पाच मिनिटं गेली. गुरुजींनी वेळ भरून काढण्यासाठी हवेच्या दाबावर भाषण केलं. दहा मिनिटांनी अंकुशनं बांबू घेऊन एक पातं ढकललं. चक्की तीन फेरे फिरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती होती तिथं येऊन थांबली. मग त्या पात्यावर एक कावळा येऊन बसला. त्याच्या वजनानं ती पाव फेरा फिरली. उद्घाटनानंतर पवनचक्की स्वतःहून फिरली ती तेवढीच.

पुढचे दिवस गुरुजींनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. सकाळी उठून ते बोट थुंकीनं ओलं करून आकाशाकडे धरायचे. मग अंगणात अगरबत्ती लावून धूर कोणीकडे जातो ते पाहायचे. धूर सरळ वर जायचा. सत्यभामाबाई दारातून पाहत. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

"येवढ्या उदबत्त्या देवाले लावल्या असत्या, तं त्यानं येखादी फुंकर तरी मारली असती."

गावात त्या यंत्राचं नाव आधी 'गुरुजींची भिंगरी' पडलं. मग पवनचक्की हा शब्दच लोकांनी कामाला लावला. रोजगार हमीच्या कामावर फावडं टेकून उभा राहणारा गडी पवनचक्की झाला. टेबलावर टोपी ठेवून गायब होणारा बाबू पवनचक्की झाला. एका जावयाला तर सासुरवाडीत तोंडावर पवनचक्की म्हटलं गेलं आणि मोठं भांडण झालं. जो शब्द गुरुजींनी एकतीस वर्षं खडूनं फळ्यावर लिहिला, तो आता आळशी माणसाची शिवी झाला होता. गुरुजींना हे कानावर आलं की जेवण गोड लागत नसे.

दिवाळी आली, पण दिवा काही वाऱ्यावर पेटला नाही. पाडव्याच्या सकाळी गुरुजी दात घासत वाडीत उभे होते. कुंपणापलीकडून मंगरू बैल घेऊन चालला होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. माणूस शब्दाचा पक्का, एवढंच.

"काय चालू हाय, लक्ष्मणराव?"

गुरुजींच्या हातातला ब्रश तसाच राहिला. त्यांना वाटलं, कोणी तरी भर चौकात आपल्या अंगातला सदरा काढून घेतला. दुपारपर्यंत ते नाव गावभर झालं. पोरं तर मुद्दाम दारावरून जाऊ लागली. दोन दिवस गुरुजी बाहेर पडले नाहीत. सत्यभामाबाईंना प्रकृती बरी नाही म्हणून सांगितलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी सरपंच भुपेंद्र घरी आला. सोबत अंकुश. भुपेंद्रानं चटईवर बसून एक फाइल पुढे ठेवली. जिल्ह्यात हरित गावांची स्पर्धा लागली होती आणि त्यानं चिचटोल्याचा अर्ज केव्हाच भरला होता. अर्जात लिहिलं होतं की गावाची शाळा, मंदिर, बुद्धविहार, समाजमंदिर आणि रस्त्यावरचे दिवे वाऱ्यावर चालतात.

"शाळा?" गुरुजी म्हणाले. "माझ्या घरातला झिरोचा दिवा चालत नाही."

"ते पाहाले कोणी येत नाई जी. साहेब येईन, मान वर करन, फिरून राहिली का पाहन, अना जाईन. फक्त फिरली पायजे."

"वारा नाही तर फिरेल कशी?"

"वाऱ्याचा काई संबंधच नाई," अंकुश म्हणाला. "आतला जनरेटर काढतो, मोटर बसवतो. तुमच्या विहिरीच्या लाइनीवर जोडून देतो. गरगर फिरन."

"वीज तयार करणाऱ्या यंत्राला वीज लावायची?"

"साहेबाले उजेड दाखवाचा हाय का फिरणं? फिरणंच ना?"

इथं गुरुजींनी उठून दोघांना दार दाखवायला हवं होतं. खरं सांगायचं तर ते उठलेही होते. पण तेवढ्यात भुपेंद्र हात जोडून म्हणाला, "गुरुजी, गावाची इज्जत तुमच्या हातात हाय." पाडव्यापासून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. गुरुजी खाली बसले.

"तुमी हो म्हणू नका," भुपेंद्र म्हणाला, "फक्त नाई म्हणू नका."

गुरुजींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि हवामानाच्या बातमीमागे तोंड लपवलं. अंकुशनं त्यालाच परवानगी समजून पाना काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं, आणि चिचटोल्यात वारा आला.

कसला वारा! सत्यभामाबाईंची वाळत घातलेली दोन लुगडी मंगरूच्या कौलांवर गेली. मंगरूची टोपी बोडीत. कोंबड्या गोठ्यात. वाडीलाच लागून मंगरूचं खळं होतं, तिथं रचलेली भाताच्या पेंढ्याची तणस अर्ध्या गल्लीत पसरली. मंगरू शिव्या देत धावत आला, आणि त्याच्यामागून वच्छला. पण वच्छला खळ्यापाशी आली आणि जागीच थांबली. तिनं खाली पाहिलं. धानाच्या राशीतलं भूस, फोल, काडीकचरा सगळं उडून कुंपणाला लागलं होतं, आणि जागेवर नुसता स्वच्छ दाणा राहिला होता. मळणीयंत्रातून निघालेलं धानही वाऱ्यावर दिल्याशिवाय ही बाई घरात घेत नसे. त्यासाठी तिनं उभ्या जन्मात किती दिवस सूप धरून आकाशाकडे पाहत काढले असतील, त्याला गणती नव्हती.

"अवं बाई," ती म्हणाली, "हे तं कामाची निंगाली!"

ती गेली ती तिवई आणि सूप घेऊनच आली. बारा फुटांची मंजुरी सगळ्यांना कमी वाटली होती, पण तिवईवर उभ्या राहिलेल्या बाईच्या सुपासमोर पातं बरोबर येत होतं. दुसऱ्या दिवशी सहा बाया आल्या, तिसऱ्या दिवशी अठरा. सत्यभामाबाई नंबर लावू लागल्या. इतक्या वर्षांत गुरुजींच्या विज्ञानाचा त्यांना पहिल्यांदाच उपयोग दिसला होता, आणि तो त्या सोडायला तयार नव्हत्या.

"गुरुजी, वारा चालू करता का जी?" सकाळपासून हाका सुरू व्हायच्या. मंगरूसुद्धा गुरुजी म्हणू लागला. बाकावरची पैज कोणाच्या लक्षातच राहिली नाही. खांबापाशी बटण लपेल असा पत्र्याचा डबा बसवून भुपेंद्रानं त्याला हिरवा रंग दिला. गुरुजी बटण दाबायचे आणि आत जाऊन बसायचे. त्यांना लाज वाटायची. पण हाक कानावर आली की ती गोड लागायची, आणि मग त्या गोड लागण्याची आणखी लाज वाटायची. रात्री त्यांनी सत्यभामाबाईंना एकदा विचारलं, "मी लबाड झालो काय वं?" त्या म्हणाल्या, "उद्या पयला नंबर आपला हाय, झोपा."

तपासणी शनिवारी ठरली. साहेबांना शनिवारी दुसरी बैठक निघाली, म्हणून ती सोमवारी सकाळी अकरावर गेली. चिचटोल्याचा घात तिथंच झाला. शेतीपंपाची लाइन या भागात एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री, आणि ही फिरवाफिरव होते सोमवारी. हे गावातल्या प्रत्येकाच्या हाडात भिनलेलं, म्हणून डोक्यात कोणीच ठेवत नाही. त्यातून भुपेंद्रानं त्या दिवशी धान उडवायला बंदी केली होती. सकाळपासून सारं गाव शेणसडा-रांगोळीत होतं. कापणीच्या दिवसांत विहिरीची मोटारही कोणी लावत नाही. बटणाला कोणाचाच हात लागला नाही.

जीप आली. लेझीम झालं. साहेब उतरले, हार घेतला, आणि भुपेंद्रानं सांगितलं होतं तशी मान वर केली. अंकुशनं पत्र्याच्या डब्यामागून बटण दाबलं. खट. काही नाही. पुन्हा दाबलं. खट. आणि मग बायांच्या घोळक्यातून वच्छलाचा आवाज आला, "अवं, आज सोमवार नाई का!"

"आँ!" सगळं गाव एकदम म्हणालं.

साहेबांना काही कळेना. पाहुण्याला अंधारात ठेवणं मंगरूच्या स्वभावात नव्हतं. तो पुढे झाला. "साहेब, असं समजू नका का आपल्याकडं वारा नाई. मस्त वारा हाय. पण या हप्त्यात तो राती दहाले येते अना सकाळी सहाले जाते. लाइनसंगं येते तो." भुपेंद्रानं त्याच्या पायावर पाय दिला. "पाय कायले देता सरपंच? खरं तेच सांगून राहिलो ना!"

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी घसा खाकरला. त्यांच्याजवळ पाठ केलेलं उत्तर होतं, ऋतुमान आणि वाऱ्याची मंद गती वगैरे. भुपेंद्रानं लिहून दिलं होतं. पण तोंड उघडलं तेव्हा पुस्तकातली भाषा आलीच नाही.

"साहेब, हे मोटरवर चालते. माह्या गावात वारा नाई. कधीच नव्हता. मी येकतीस वर्स पोराइले वारा शिकवला, अना सोता बाहेर निंगून झाडाचं पान हलते का नाई, तेवढं पायलं नाई. माहं नाव जाऊ नये म्हणून मी गप्प रायलो. हे लबाडी हाय. तुमी तसंच लिहा."

गुरुजींचे डोळे भरले होते. जाहीर बोलून माणूस हलका होतो असं ते आजवर दुसऱ्यांना सांगत आले होते, आज ते त्यांना स्वतःला कळलं. सत्यभामाबाई घोळक्यातून पुढे आल्या आणि त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.

साहेब सज्जन होते. त्यांना त्या दिवशी आणखी सात गावं करायची होती. त्यांनी फाइल उघडली.

"गुरुजी, तुमचं बोलणं मला फार आवडलं. पण याला रकाना नाही." त्यांनी पेन काढलं. "पवनचक्की आहे? आहे. उभी आहे? उभी आहे. लाभार्थी?" त्यांनी देखाव्यासाठी सुपं देऊन उभ्या केलेल्या बाया मोजल्या. "अठरा महिला. उत्तम. वाऱ्याची उपलब्धता? हे काका म्हणाले ते, रात्री दहा ते सकाळी सहा."

"पुढच्या हप्त्यात दिवसा," मंगरूनं दुरुस्ती सुचवली.

"आठवडाआड दिवसा. फलनिष्पत्ती?"

"साहेब, याच्यावर वीज तयार होत नाई," गुरुजी कळवळून म्हणाले. "वीज लावून वारा तयार होते!"

"म्हणजे पवननिर्मिती," साहेब म्हणाले आणि लिहिलं.

"अहो, मी हे खोटं आहे म्हणतोय!"

"ते आपण अभिप्रायात घेऊ ना. तुम्ही स्वतःच लिहा. अभिप्राय कोणी वाचत नाही."

गुरुजींनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'ही पवनचक्की विजेवर चालते.' खाली सही केली. साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं आणि जीप पुढच्या गावाला गेली.

महिन्याभरानं निकाल आला. चिचटोला जिल्ह्यात पहिलं. भुपेंद्रानं ढाल घेतली, पेपरात फोटो आला, फोटोत गुरुजींचा एक कान आला. बातमीत लिहिलं होतं की या गावात रात्रकालीन वाऱ्याचा मोठा साठा सापडला असून महिलांसाठी पवननिर्मितीचा हा प्रयोग सर्वत्र राबवण्यात येणार आहे. गावानं मात्र बातमी बाजूला ठेवून शब्दाचा अर्थ पुन्हा बदलला. आता पवनचक्की म्हणजे आळशी नव्हे. दुसऱ्याच्या जोरावर फिरायचं आणि आपल्याच वाऱ्यावर चाललो असं दाखवायचं, त्याला पवनचक्की म्हणू लागले. भुपेंद्राला हे मागून म्हणत. त्याला आमदारकीचं तिकीट हवं होतं आणि त्याची लाइन भंडाऱ्याहून, जिल्ह्याच्या पुढाऱ्यांकडून, येत होती.

मग पाहुणे सुरू झाले. बपेऱ्याकडून, पार मध्य प्रदेशाच्या सीमेवरून, पाच सरपंचांची एक जीप आली. त्यांच्या गावांना पवनचक्क्या मंजूर झाल्या होत्या आणि चिचटोल्याचं पाहून या असं वरून पत्र होतं. गुरुजींनी त्यांना चटईवर बसवलं, सत्यभामाबाईंनी चहा दिला, आणि गुरुजींनी ठरवलं की या पाच माणसांना तरी वाचवायचं. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. साताऱ्याचे डोंगर, पैज, अगरबत्त्या, तो एक कावळा. काढलेला जनरेटर खाटेखालून ओढून दाखवला. "बाप्पा, आपल्या जिल्ह्यात हे चालत नाई," ते म्हणाले. "माह्याकडून चूक झाली, तुमी नका करू. परत जा अना लिहून द्या का आमाले नको." पाचही जण माना खाली घालून ऐकत होते. एक जण तर डायरीत लिहून घेत होता.

गुरुजी थांबले. मग त्यांच्यातला सर्वांत वयस्कर सरपंच हात जोडून म्हणाला, "गुरुजी, येवढं खरं आमाले आजपावतर कोणीच सांगतलं नाई."

गुरुजींची छाती भरून आली. एकतीस वर्षांत एवढ्या लक्षपूर्वक त्यांचा धडा कोणी ऐकला नव्हता.

"आता येकच सांगा," सरपंच म्हणाला. "मोटर किती एचपीची बसवली?"

डायरीवाल्यानं पेन सरसावलं. गुरुजींनी पाचही चेहऱ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्या चेहऱ्यांवर थट्टा नव्हती, लबाडीही नव्हती. शंका होती, आणि ती ते गुरुजींना विचारत होते.

"दीड," गुरुजी म्हणाले. मग जनरेटर पुन्हा खाटेखाली सरकवत म्हणाले, "पण तुमी दोनचीच घ्या. दीडची तापते."